रक्ताभिसरण संस्था: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विद्यार्थी, पालक, रक्तदाते आणि घरात रक्तदाबाचा किंवा हृदयविकाराचा रुग्ण असलेले वाचक पुन्हा पुन्हा पाठवत असतात. शाळेच्या पुस्तकातील चार कप्प्यांच्या हृदयाची लाल-निळी आकृती बहुतेकांच्या लक्षात असते, आणि प्रश्नही बहुधा त्या आकृतीपासूनच सुरू होतात. परंतु ज्या कामासाठी ही सारी यंत्रणा आहे ते काम हृदयात होत नसून डोळ्यांना न दिसणाऱ्या केशवाहिन्यांत होते. हे ध्यानात ठेवून उत्तरे वाचली तर अनेक कोडी सहज सुटतात. येथील माहिती शरीराचे कार्य समजून घेण्यासाठी आहे. स्वतःच्या तक्रारीसाठी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.

१. शरीराला रक्ताभिसरणाची गरजच का पडते?

अमीबासारख्या एकपेशीय जीवाला हृदय नसते, कारण भोवतालच्या पाण्यातील ऑक्सिजन त्याच्या शरीरात आपोआप झिरपतो. हे झिरपणे अगदी थोड्या अंतरापुरतेच वेगाने होते. अंतर मिलिमीटरच्या पुढे गेले की लागणारा वेळ भराभर वाढतो, आणि हातभर अंतर गाठायचे तर अशा गतीने वर्षे लागतील. माणसाच्या शरीरातील कोट्यवधी पेशी फुप्फुसांपासून आणि आतड्यांपासून फार दूर असल्यामुळे ऑक्सिजन आणि पोषकद्रव्ये प्रत्येक पेशीच्या अगदी जवळ नेऊन पोहोचवणारी आणि तेथील कार्बन डायऑक्साइड, युरिया व उष्णता उचलून आणणारी वाहती व्यवस्था लागते. हृदय, रक्तवाहिन्या आणि रक्त मिळून ही व्यवस्था बनते. लसिकावाहिन्या तिला साहाय्य करतात. त्यांच्याविषयी प्रश्न १३ पाहावा.

२. रक्त हृदयातून नेमके कोणत्या क्रमाने जाते?

शरीरभर फिरून आलेले, ऑक्सिजन कमी झालेले रक्त दोन महाशिरांतून उजव्या अलिंदात (वरच्या कप्प्यात) येते, त्रिदली झडपेतून उजव्या निलयात (खालच्या कप्प्यात) उतरते आणि फुप्फुस धमनीवाटे फुप्फुसांत जाते. तेथे ऑक्सिजन घेऊन ते साधारणपणे चार फुप्फुस शिरांतून डाव्या अलिंदात परतते, द्विदली झडपेतून डाव्या निलयात येते आणि महाधमनीतून पुन्हा शरीरभर जाते. म्हणजे हृदय हे शेजारी शेजारी जोडलेले दोन पंप आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी आकुंचन पावतात.

या दोन पंपांबद्दलची एक गोष्ट मात्र आकृतीत दिसत नाही, ती अशी की दोघांनी बाहेर टाकलेले रक्त जवळजवळ सारखेच असावे लागते. निरोगी प्रौढ व्यक्तीत प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते. डाव्या निलयाने उजव्यापेक्षा प्रत्येक ठोक्याला केवळ एक मिलिलिटर कमी टाकले, तरी तासाभरात फुप्फुसांत चार लिटर रक्त साचेल. तसे घडत नाही, कारण हृदयाचा स्नायू जितका अधिक ताणला जातो तितक्या अधिक जोराने तो आकुंचन पावतो. ज्या बाजूला जास्त रक्त आले ती बाजू आपोआप जास्त रक्त ढकलते. मेंदूच्या आज्ञेवाचून, ठोक्यागणिक होणारी ही जुळणी मला साऱ्या हृदयरचनेतील सर्वांत विलक्षण भाग वाटते.

३. हृदयाचा ठोका मेंदू सुरू करतो का?

नाही. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात विशेष पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, आणि तो स्वतःच ठरावीक काळाने विद्युत संदेश निर्माण करतो. हा संदेश दोन्ही अलिंदांत पसरतो, अलिंद आणि निलय यांच्या मधल्या गाठीपाशी सुमारे एक दशांश सेकंद थांबतो आणि मग निलयांत पोहोचतो. मधला हा विलंब आवश्यक आहे, कारण त्यामुळेच अलिंदे रिकामी होऊन निलये पूर्ण भरल्यानंतर निलयांचे आकुंचन सुरू होते. त्वचेवर चकत्या लावून काढला जाणारा ईसीजी याच विद्युत प्रवासाची नोंद असतो. ते तंत्र विकसित करणारे डच शास्त्रज्ञ विलेम आइंथोव्हन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मेंदूचे काम गती कमीजास्त करण्याचे आहे. सर्व चेतातंतूंचा प्रभाव काढून टाकला तर तरुण प्रौढाचे हृदय मिनिटाला सुमारे शंभर ठोके देते, तर विश्रांतीच्या वेळी ते सत्तरच्या आसपास देते, यावरून एरवी त्याच्यावर सतत लगाम असतो हे लक्षात येते. नियमित धावणाऱ्यांमध्ये एका ठोक्याला अधिक रक्त बाहेर पडते, म्हणून विश्रांतीच्या वेळी त्यांची नाडी चाळीस-पन्नासपर्यंत उतरलेली असू शकते. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा दुहेरी आवाज मात्र झडपा बंद होण्याशी निगडित असतो: पहिला अलिंद-निलयांमधील झडपांमुळे, दुसरा महाधमनी व फुप्फुस धमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपांमुळे.

४. हृदय जन्मभर अखंड काम करते, तर ते थकत कसे नाही?

हृदय प्रत्येक ठोक्यानंतर विश्रांती घेते. मिनिटाला ७५ ठोके पडत असतील तर एका ठोक्याचे चक्र ०.८ सेकंदाचे असते. त्यातील सुमारे ०.३ सेकंद निलये आकुंचन पावतात आणि ०.५ सेकंद शिथिल राहतात. त्यांचे शिथिल राहणे, म्हणजे त्यांच्या भरण्याचा काळ, हा आकुंचनाच्या काळापेक्षा मोठा आहे.

या विश्रांतीला आणखी एक महत्त्व आहे. हृदयाच्या कप्प्यांत रक्त भरलेले असले तरी त्याची जाड भिंत ते रक्त थेट वापरू शकत नाही. महाधमनीच्या उगमाशी निघणाऱ्या हृदयधमन्यांमार्फतच तिला रक्त मिळते. डाव्या निलयाचा स्नायू आवळला की त्यातील वाहिन्या दाबल्या जातात, म्हणून त्याला बहुतांश रक्तपुरवठा शिथिलतेच्या काळातच होतो. नाडी वेगवान झाली की आकुंचनापेक्षा शिथिलतेचा काळ अधिक आक्रसतो: गरज वाढते आणि पुरवठ्याची वेळ कमी होते. हृदयधमनी अरुंद झालेल्या माणसाच्या छातीत जिना चढताना कळ येते आणि बसल्यावर ती थांबते, याचे मोठे कारण हेच आहे.

५. धमनी, शिरा आणि केशवाहिनी यांत फरक काय?

धमन्या रक्त हृदयापासून दूर नेतात आणि शिरा ते हृदयाकडे आणतात. जुन्या पुस्तकांत रोहिणी आणि नीला ही नावे आढळतील. धमन्यांच्या भिंती जाड व लवचीक असतात. ठोक्याबरोबर महाधमनी किंचित फुगते आणि हृदय शिथिल असताना पूर्ववत होत रक्त पुढे ढकलत राहते. त्यामुळे ठोके तुटक असले तरी केशवाहिन्यांतील प्रवाह जवळजवळ अखंड असतो. वयानुसार ही लवचीकता घटते, आणि म्हणूनच ज्येष्ठांमध्ये पुष्कळदा रक्तदाबाचा केवळ वरचा आकडा वाढलेला दिसतो.

धमन्यांच्या शेवटी असलेल्या बारीक धमनिका या नियंत्रणाच्या जागा आहेत. त्यांच्या भिंतीतील स्नायू आवळून किंवा सैल पडून कोणत्या अवयवाला किती रक्त जाईल हे ठरते. पुढे केशवाहिन्या येतात. त्यांची भिंत केवळ एका पेशीच्या जाडीची असते आणि देवाणघेवाण तेथेच होते. शिरांच्या भिंती पातळ व सैल असतात. विश्रांतीच्या वेळी शरीरातील सुमारे दोन तृतीयांश रक्त शिरांतच असते, म्हणून त्या परतीचा मार्ग आहेत तशाच रक्ताचा राखीव साठाही आहेत. जखमेतून रक्त जाऊ लागले की शिरा आवळतात आणि हा साठा हृदयाकडे वळवला जातो.

६. एवढ्या दाबाचे रक्त नाजूक केशवाहिन्यांत शिरते, तर त्या फुटत का नाहीत?

कारण तो दाब तेथपर्यंत पोहोचतच नाही. महाधमनीत सरासरी ९० ते १०० मिलिमीटर पारा असलेला दाब धमनिकांतून जाताना झपाट्याने उतरतो आणि केशवाहिनीच्या सुरुवातीला सुमारे ३५ राहतो. शिवाय नळी जितकी बारीक तितका तिच्या भिंतीवर येणारा ताण कमी असतो. त्यामुळे एका पेशीची भिंतही पुरेशी ठरते.

वेगाचेही तसेच आहे. एकटी केशवाहिनी अतिशय अरुंद असली तरी सर्व केशवाहिन्यांचा छेद एकत्र केला तर तो महाधमनीच्या शेकडो पट भरतो, आणि अरुंद घळीतून धावत आलेली नदी सपाटीवर पसरली की जशी संथ होते तसे रक्त येथे संथ होते. महाधमनीत सेकंदाला काही डझन सेंटिमीटर जाऊ शकणारे रक्त केशवाहिनीत सेकंदाला मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी सरकते. देवाणघेवाणीला लागणारी उसंत या संथपणामुळेच मिळते.

केशवाहिनीचा व्यास साधारण ५ ते १० मायक्रोमीटर आणि लोहित रक्तकणिकेचा ७ ते ८ असल्यामुळे अनेक ठिकाणी कणिकांना एकामागून एक, अंग दुमडून जावे लागते. या लवचिकतेचे मोल सिकलसेल आजारात कळते. नंदुरबारमध्ये तसेच गडचिरोलीसह विदर्भातील अनेक जिल्ह्यांत आढळणाऱ्या या आनुवंशिक आजारात ऑक्सिजन कमी झाला की कणिका ताठर व विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. पलीकडच्या ऊतींचा पुरवठा तुटतो आणि असह्य वेदना होतात. आजार रक्तकणिकेचा असला तरी त्याचा घाव रक्ताभिसरणाच्या सर्वांत अरुंद जागी बसतो.

७. शिरांतील रक्त निळे असते का?

नाही. माणसाचे रक्त नेहमी लालच असते. ऑक्सिजनयुक्त असताना चमकदार लाल आणि ऑक्सिजन कमी असताना गडद लाल. मनगटावरील शिरा निळसर दिसतात, कारण त्वचेतून आत शिरणारा प्रकाश विखुरला जातो, काही अंशी शोषला जातो आणि परत येताना त्यात तांबड्या रंगाचा वाटा कमी झालेला असतो. तपासणीसाठी शिरेतूनच काढलेल्या रक्ताचा रंग पाहिला की शंका उरत नाही.

८. फुप्फुस धमनीत ‘अशुद्ध’ रक्त असते, तर तिला धमनी का म्हणायचे?

कारण ती रक्त हृदयापासून दूर नेते. धमनी आणि शिरा ही विभागणी दिशेवरून केलेली आहे, रक्तातील ऑक्सिजनवरून नव्हे. त्याच न्यायाने फुप्फुस शिरांत ऑक्सिजनयुक्त रक्त असते.

या प्रश्नात दडलेला दुसरा गैरसमज दूर होणे अधिक गरजेचे आहे. शिरेतील रक्त घाण किंवा टाकाऊ नसते. विश्रांतीच्या वेळी हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातील हिमोग्लोबिन अजूनही सुमारे ७५ टक्के ऑक्सिजनने भरलेले असते. शरीराने घेतलेला असतो तो फक्त चौथा हिस्सा, आणि उरलेला व्यायामासारख्या वाढीव गरजेला उपयोगी पडतो. वृक्कातून (मूत्रपिंडातून) बाहेर पडणाऱ्या शिरेत ऑक्सिजन धमनीपेक्षा कमी, पण युरियाही कमी असतो. त्या एका अर्थाने ते रक्त धमनीतील रक्ताहून स्वच्छ म्हणावे लागेल. म्हणून या पानावर सर्वत्र ‘ऑक्सिजनयुक्त’ आणि ‘ऑक्सिजन कमी असलेले’ असेच लिहिले आहे.

९. १२०/८० या आकड्यांचा अर्थ काय?

वरचा आकडा डावे निलय आकुंचन पावताना धमनीत चढणारा कमाल दाब दाखवतो आणि खालचा आकडा पुढच्या ठोक्याआधी उतरलेला किमान दाब दाखवतो. दोन्ही पाऱ्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. हे आकडे शरीरभर फिरणाऱ्या रक्ताचे आहेत. फुप्फुस धमनीतील दाब साधारण २५/१० इतकाच असतो, कारण फुप्फुसे हृदयाच्या शेजारीच असतात आणि त्यांच्या वाहिन्यांचा विरोध कमी असतो. म्हणूनच उजव्या निलयाची भिंत डाव्याच्या मानाने जवळजवळ एक तृतीयांश जाडीची असते.

रक्तदाबाचे मोजमाप प्रथम इंग्लंडमधील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी प्रसिद्ध केले. १७३३ साली प्रकाशित केलेल्या प्रयोगांत त्यांनी घोडीच्या धमनीला काचेची उभी नळी जोडली होती, आणि तीत रक्त अडीच मीटरच्या आसपास चढले होते. दंडाला पट्टा बांधून धमनीवरचे आवाज ऐकण्याची आजची पद्धत रशियन शल्यचिकित्सक निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली मांडली. पट्ट्यातील हवा सोडताना पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आणि आवाज पूर्ण थांबतो तो खालचा.

एका वेळच्या आकड्यावरून उच्च रक्तदाबाचे निदान करू नये. चहा, धूम्रपान, भरलेले मूत्राशय, लोंबकळता हात किंवा मोजताना बोलणे, यांपैकी कशानेही आकडा बदलतो. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, वेगवेगळ्या दिवशी घेतलेली मापे वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक आली तर भारतात सामान्यतः उच्च रक्तदाब मानला जातो.

१०. एकदम उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी का येते?

उभे राहताच गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पोट आणि पायांच्या शिरांत उतरते. हृदयाकडे कमी रक्त परतते, त्यामुळे कमी रक्त बाहेर पडते आणि मेंदूचा पुरवठा क्षणभर घटतो. मानेतील धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे चेतातंतू असतात. ते हा उतार टिपतात आणि काही सेकंदांत नाडी वाढते, वाहिन्या आवळतात व दाब सावरतो. वाढते वय, शरीरातील पाणी कमी होणे, मधुमेहामुळे चेतातंतूंना झालेली इजा किंवा रक्तदाबाची काही औषधे यांमुळे ही सुधारणा मंदावते. अशा व्यक्तींनी पहाटे अंथरुणातून उठताना आधी काठावर बसून मगच उभे राहावे.

११. पायांतील रक्त वर हृदयापर्यंत चढते कसे?

हृदयाने दिलेला दाब शिरांत पोहोचेपर्यंत फार थोडा उरतो, म्हणून इतर तीन गोष्टींची मदत लागते. पोटऱ्यांचे स्नायू चालताना आवळतात आणि खोलवरच्या शिरा पिळून रक्त वर ढकलतात. शिरांमधील झडपा ते खाली येऊ देत नाहीत. आणि श्वास घेताना छातीतील दाब उतरून रक्त वर ओढले जाते. यांपैकी पहिली मदत स्तब्ध उभे राहिल्यास थांबते. देवदर्शनाच्या रांगेत किंवा शाळेच्या प्रांगणात कवायतीसाठी तासभर न हलता उभे असलेले धडधाकट मूलही कोसळते ते यामुळे. अशा वेळी त्याला उचलून उभे करू नये. आडवे निजवून पाय उंच केले की बहुधा ते लगेच शुद्धीवर येते.

वाहतूक पोलीस, केशकर्तनकार, शिक्षक, उभ्याने काम करणारे गिरणी कामगार यांच्या पायांवर दिसणाऱ्या फुगीर, वेड्यावाकड्या शिरांमध्ये झडपा निकामी झालेल्या असतात. अनेकदा आनुवंशिकताही कारणीभूत असते. पोटऱ्या हलवत राहणे आणि बसताना पाय उंच ठेवणे याने आराम पडतो.

१२. जेवल्यावर मेंदूतील रक्त पोटाकडे जाते म्हणून झोप येते का?

जेवणानंतर आतड्यांचा रक्तपुरवठा वाढतो हे खरे. तो मेंदूकडून काढून घेतला जातो हे खरे नाही. रक्तदाब बराच कमीजास्त झाला तरी मेंदू आपल्या वाहिन्या आवळून किंवा सैल करून स्वतःचा पुरवठा जवळपास स्थिर राखतो. दुपारच्या सुस्तीमागे संप्रेरकांचा आणि शरीराच्या दैनिक लयीचा भाग मोठा असतो.

रक्ताची खरी फेरवाटणी व्यायामात दिसते. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त टाकते आणि त्यातील पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी हाडांवरील स्नायूंना मिळतो. जोरकस व्यायामात एकूण प्रवाह वीस-पंचवीस लिटरवर जातो आणि त्यातील ऐंशी टक्क्यांच्या आसपास स्नायूंकडे वळतो. तिसरा मोठा मागणीदार त्वचा आहे. मे महिन्यात चंद्रपूर किंवा नागपूरच्या उन्हात शेतावर वा बांधकामावर राबणाऱ्या माणसाच्या शरीरात स्नायू आणि त्वचा दोघेही एकाच वेळी रक्त मागतात, आणि घामावाटे रक्ताचे आकारमानही घटत असते. हृदय वेग वाढवून हे निभावते, पण एका मर्यादेनंतर दाब कोसळतो. उन्हात काम करणाऱ्याला सावली, पाणी आणि मीठ मिळणे ही म्हणूनच त्याच्या हृदयाची गरज आहे, आणि ती पुरवणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे.

१३. लसिका म्हणजे काय, आणि पाय सुजण्याशी तिचा काय संबंध?

केशवाहिन्यांच्या भिंतीतून दिवसभरात काही लिटर द्रव ऊतींमध्ये झिरपतो आणि तो सगळाच थेट रक्तात परत शिरत नाही. मागे राहिलेला द्रव लसिकावाहिन्या गोळा करतात, लसिकाग्रंथींतून गाळून घेतात आणि मानेच्या मुळाशी असलेल्या मोठ्या शिरांत सोडतात. ही परतफेड थांबली तर काही तासांतच रक्त आटू लागेल.

झिरपणे वाढले किंवा परतणे कमी झाले की सूज येते. हृदयाची उजवी बाजू कमकुवत होणे, वृक्काचा विकार आणि रक्तातील प्रथिने घटणे ही तिची काही कारणे आहेत. विदर्भात अजूनही आढळणाऱ्या हत्तीरोगात क्युलेक्स डासांमार्फत शिरलेले कृमी लसिकावाहिन्यांत राहून त्या निकामी करतात, आणि वर्षानुवर्षे साचलेल्या द्रवामुळे पाय कायमचा जाड होतो. या रोगाच्या प्रतिबंधासाठी शासनाकडून वाटल्या जाणाऱ्या गोळ्या, कोणतेही लक्षण नसले तरी, आरोग्य कर्मचाऱ्यांसमोर घ्याव्यात. पाय सुजल्यानंतर झालेली हानी बहुधा पूर्ण भरून येत नाही.

१४. रक्तदानानंतर रक्त किती दिवसांत भरून निघते?

भारतात एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात. प्रौढ शरीरात पाच लिटरच्या आसपास रक्त असल्यामुळे हा साधारण अकरावा ते चौदावा हिस्सा होतो. द्रवभाग एक-दोन दिवसांत भरतो. लोहित रक्तकणिका भरून येण्यास काही आठवडे लागतात आणि लोहाचा साठा भरण्यास त्याहून अधिक. म्हणून दोन रक्तदानांमध्ये पुरुषांनी तीन आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवायचे असते. दान केल्यावर लगेच उठल्यास चक्कर का येते, त्याचे उत्तर प्रश्न १० मध्ये आहे.

१५. शरीरातील रक्तवाहिन्यांची लांबी एक लाख किलोमीटर असते, हे खरे का?

हा आकडा सर्वत्र छापला जातो, पण त्यावर भिस्त ठेवू नये. त्याचे मूळ डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी केलेल्या ढोबळ गणितात आहे, आणि त्यासाठी त्यांनी असाधारण स्नायू असलेला माणूस गृहीत धरला होता. अलीकडच्या फेरगणनेत लांबी साधारण ९ ते १९ हजार किलोमीटर येते.

१६. रक्त गोल फिरते हे कोणी सिद्ध केले?

इंग्लंडचे वैद्य विल्यम हार्वी यांनी १६२८ साली. त्यांच्या आधी सुमारे चौदाशे वर्षे प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनचे मत प्रमाण होते: यकृतात रक्त तयार होते, अवयव ते वापरून संपवतात आणि थोडे रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यातील छिद्रांतून डावीकडे जाते. अशी छिद्रे नाहीत आणि रक्त फुप्फुसांतून फिरूनच डावीकडे येते, हे तेराव्या शतकात अरब वैद्य इब्न अल-नफीस यांनी लिहून ठेवले होते; त्यांचे लेखन युरोपात फार उशिरा परिचित झाले.

हार्वींचा मुख्य युक्तिवाद साध्या हिशेबाचा होता. प्रत्येक ठोक्याला अगदी थोडे रक्त बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासात बाहेर पडणारे रक्त शरीरातील एकूण रक्ताहून अधिक भरते. एवढे रक्त अन्नापासून सतत नव्याने बनणे अशक्य आहे, म्हणून तेच रक्त परत येत असले पाहिजे. आजच्या मापांनी हा आकडा दिवसाला सुमारे ७,००० लिटर होतो. धमन्यांतून शिरांत रक्त कोठून जाते हे मात्र त्यांना दिसू शकले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ साली, मार्चेल्लो माल्पीगी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पूर्ण झाले.

१७. हार्ट ॲटॅक आणि हृदय बंद पडणे एकच का?

नाही. हार्ट ॲटॅकमध्ये हृदयधमनीत गुठळी अडकून स्नायूचा एखादा भाग मरू लागतो. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो आणि त्याला छातीत दाब, घाम, दम किंवा जबड्यात व हातात कळ जाणवते. हृदय अचानक बंद पडते तेव्हा परिणामकारक ठोकेच थांबतात आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते. ‘हार्ट फेल्युअर’ ही तिसरी, बहुधा हळूहळू वाढणारी अवस्था असून तीत हृदय चालू असते पण गरजेइतके रक्त पुढे ढकलू शकत नाही.

समोरचा माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा. याने रक्त पुढे जाते, कारण झडपा तेव्हाही एकाच दिशेला उघडतात. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. त्या क्षणी हृदय भरते आणि, प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे, त्याच्या स्वतःच्या धमन्यांत रक्त शिरते.

१८. धमनी, केशवाहिनी, शिरा आणि मग हृदय, हा क्रम कधी मोडतो का?

मोडतो. आतडी, जठर आणि प्लीहा यांतून निघालेले रक्त थेट हृदयाकडे न जाता यकृत प्रतिहारी शिरेतून यकृतात जाते आणि तेथे दुसऱ्यांदा सूक्ष्म वाहिन्यांत पसरते. पचलेले अन्न आणि तोंडाने घेतलेली बहुतेक औषधे शरीरभर जाण्याआधी यकृताच्या हाताखालून जातात ती यामुळे. दारूमुळे किंवा काविळीच्या जुनाट विषाणूंमुळे यकृत कठीण झाले की या शिरेतील दाब वाढतो, अन्ननलिकेच्या तळाशी शिरा फुगतात आणि त्या फुटून रक्ताची उलटी होऊ शकते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडे जाणारी अशीच एक छोटी दुहेरी व्यवस्था आहे. वृक्कात तर केशवाहिन्यांच्या गुच्छाच्या दोन्ही टोकांना धमनिकाच असतात, आणि त्यांच्या आवळण्यावर गाळण्याचा दाब ठरतो. डोळ्याचे पारपटल (पुढचा पारदर्शक पडदा) आणि सांध्यांतील कूर्चा यांना रक्तवाहिन्याच नसतात.

१९. पोटातील बाळ श्वास घेत नाही, मग त्याचे रक्ताभिसरण कसे चालते?

बाळाला ऑक्सिजन आईच्या वारेतून मिळतो. नाळेतील एकमेव शिरा ऑक्सिजनयुक्त रक्त बाळाकडे आणते आणि दोन धमन्या ऑक्सिजन कमी असलेले रक्त वारेकडे नेतात. प्रश्न ८ मधील दिशेचा नियम येथेही लागू पडतो. आई आणि बाळ यांचे रक्त एकमेकांत मिसळत नाही, मधल्या पातळ पडद्यातून देवाणघेवाण होते.

फुप्फुसे द्रवाने भरलेली असल्यामुळे रक्ताने त्यांना टाळणे सोयीचे असते. त्यासाठी दोन वाटा असतात: दोन अलिंदांमधील झापेसारखे छिद्र आणि फुप्फुस धमनीला महाधमनीशी जोडणारी नलिका. पहिल्या रडण्याबरोबर फुप्फुसे उघडतात, त्यांतील विरोध कोसळतो, डाव्या अलिंदातील दाब उजव्यापेक्षा वाढतो आणि छिद्रावरची झाप मिटते. नलिका बहुधा दोन-तीन दिवसांत आवळून बंद होते. सुमारे चारपैकी एका प्रौढात ही झाप पूर्णपणे चिकटलेली नसते, आणि बहुतेकांना त्याचा जन्मभर त्रास होत नाही. नलिका उघडी राहिल्यास बाळाला दूध पिताना धाप लागणे, वजन न वाढणे अशी लक्षणे दिसू शकतात, आणि ती आढळल्यास बालरोगतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये.

२०. प्रत्यारोपित हृदयाचे चेतातंतू तुटलेले असतात, मग ते व्यायामात वेग कसा वाढवते?

पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउन येथे ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केले आणि भारतातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण ऑगस्ट १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले. प्रत्यारोपित हृदय स्वतःच्या गतिकेंद्रावर चालते (प्रश्न ३). त्याच्यावरचा लगाम सुटलेला असल्यामुळे विश्रांतीच्या वेळीही नाडी बहुधा ९० ते ११० असते. व्यायाम सुरू झाल्यावर स्नायूंकडून परतणारे वाढीव रक्त हृदयाला अधिक ताणते, म्हणून प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त आधी वाढते. नाडी वाढते ती काही मिनिटांनी, अधिवृक्क ग्रंथींतून आलेले ॲड्रेनॅलिन रक्तावाटे पोहोचल्यावर. हे ॲड्रेनॅलिन रक्तातून लगेच नाहीसे होत नसल्याने व्यायाम थांबवल्यावरही नाडी सावकाश उतरते. म्हणूनच अशा रुग्णांना हळूहळू सुरुवात करण्यास आणि एकदम न थांबण्यास सांगितले जाते. काहींमध्ये पुढील वर्षांत चेतातंतू अंशतः पुन्हा वाढतात, परंतु तोवर हृदयधमनी अरुंद झाली तरी छातीत कळ जाणवत नाही, आणि त्यामुळे नियमित तपासणी टाळता येत नाही.